किडनीतला लिम्फोमा सीटीवर कसा तपासावा: तयारीपासून पाठपुराव्यापर्यंत

किडनीत स्वतःची लसीका ऊती नसते. त्यामुळे लिम्फोमा (लसीका पेशींचा कॅन्सर) तिथेच सुरू झाला, असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा तो रक्तावाटे येतो, नाहीतर पोटामागच्या लिम्फ नोडमधून सरकत सरकत आत शिरतो. लिम्फोमाने दगावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक जणांच्या किडनीत हा रोग सापडतो. जिवंतपणी केलेल्या सीटीवर मात्र तो ३ ते ८ टक्क्यांतच दिसतो. एवढी तफावत पडण्याचं एक कारण रोगातच आहे: पेशी नलिकांच्या मधल्या जागेत पसरतात, किडनीची घडण मोडत नाहीत, आणि गाठ तयार होईपर्यंत सीटीला दाखवण्यासारखं काही नसतं. दुसरं कारण आपल्या हातातलं आहे. इमेज चुकीच्या फेजमध्ये, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट (अवयव उजळवणारं आयोडीनचं औषध) दिल्यानंतर चुकीच्या वेळी, घेतली जाते, विंडो (स्क्रीनवरच्या करड्या छटांची मर्यादा) फार रुंद ठेवली जाते, आणि स्टेजिंगच्या (रोग कुठवर पसरलाय हे ठरवण्याच्या) स्कॅनमध्ये नजर नोड मोजण्यात अडकते.

हे नीट शोधण्याला मोल आहे. किडनीतली गाठ दिसली की किडनीचाच कॅन्सर समजून ती काढण्याकडे कल जातो. लिम्फोमावर इलाज औषधांचा आहे, सुरीचा नाही. शिवाय डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमात (लिम्फोमाचा एक वेगाने वाढणारा प्रकार) किडनी किंवा अॅड्रिनलमधला (किडनीच्या वरच्या ग्रंथीतला) रोग हा मेंदूत आजार उलटण्याच्या जोखमीचा एक स्वतंत्र निकष आहे. त्यामुळे रिपोर्टमधली एक ओळ पुढच्या उपचारांची आखणी बदलू शकते.

स्कॅनआधी काय विचारायचं

विनंतीपत्रावर नुसतं 'लिम्फोमा, स्टेजिंग' एवढंच असतं. त्यावर समाधान मानू नका. लिम्फोमाचा प्रकार कळला आहे का, की निदानच व्हायचं आहे? किडनीत रोग दिसण्याचं प्रमाण लिम्फोमाच्या दोन मुख्य गटांपैकी नॉन-हॉजकिनमध्ये, त्यातही डिफ्यूज लार्ज बी-सेल आणि बर्किटमध्ये जास्त. हॉजकिनमध्ये ते फारच कमी. एचआयव्ही आहे का, किडनी प्रत्यारोपण झालंय का, ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग आहे का, हे विचारा. स्टेरॉइड सुरू झालंय का, हा प्रश्न विसरू नका. स्टेरॉइडने लिम्फोमा दिवसांत आकसतो, आणि मग सीटीही फसवते आणि बायोप्सीही.

क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्तातल्या टाकाऊ पदार्थाचा) आकडा वाचताना थोडं थांबा. किडनी दोन्ही बाजूंनी लिम्फोमाने भरली असेल तर क्रिएटिनिन रोगामुळेच चढलेलं असतं, आणि ते रोज बदलत असतं. अशा वेळी त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) खऱ्या कार्यक्षमतेच्या मागे असतो. कागदावर ४५ दिसला तरी किडनी त्याहून बरीच खाली असू शकते. म्हणून कालचा आणि आजचा, असे दोन आकडे शेजारी ठेवा. ईजीएफआर ३० च्या वर आणि स्थिर असेल तर शिरेतून कॉन्ट्रास्ट द्यायला सहसा अडचण नसते. ३० च्या खाली असेल किंवा किडनीला तातडीची इजा सुरू असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून फायदा-तोटा ठरवा. द्यायचं ठरलं तर शिरेतून सलाईन स्कॅनच्या तासभर आधी सुरू करून नंतर काही तास चालू ठेवा. याच गटातल्या रुग्णाचं मेटफॉर्मिन थांबवा आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा बघूनच सुरू करा.

एक वेळ मात्र टाळण्यासारखी आहे. केमो नुकतीच सुरू झाली आहे, युरिक अॅसिड आणि पोटॅशियम चढतंय, म्हणजे ट्यूमर लायसिसचे (गाठीच्या पेशी एकदम फुटून त्यांतले पदार्थ रक्तात उतरण्याचे) दिवस आहेत. त्यात केवळ 'स्टेजिंग राहिलं होतं' म्हणून कॉन्ट्रास्ट देणं शहाणपणाचं नाही. त्या दिवसांत निकड असेल तर सोनोग्राफी किंवा साधी (कॉन्ट्रास्टशिवाय) सीटी करा आणि बाकीचं पुढे ढकला.

फेज आणि सेकंद

सगळी मेख इथे आहे. कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण २५ ते ७० सेकंदांत कॉर्टेक्स (किडनीचा बाहेरचा थर) उजळतो आणि मेड्युला (आतला भाग) काळाच राहतो. लिम्फोमाची गाठ स्वतःच कमी उजळते. ती मेड्युलात असेल तर काळ्यावर काळं, म्हणजे दिसणारच नाही. उलट बाजूनेही फसगत होते: निरोगी मेड्युलाचा पिरॅमिड (शंकूसारखा भाग) तिरका कापला गेला तर तो गाठीसारखा दिसतो. ८० ते १२० सेकंदांच्या दरम्यान कॉर्टेक्स आणि मेड्युला एकसारखे उजळतात. ही नेफ्रोग्राफिक फेज. गाठ शोधायची ती इथेच.

अडचण अशी की स्टेजिंगची पोटाची सीटी यकृत डोळ्यांसमोर ठेवून ७० सेकंदांच्या आसपास घेतली जाते. तरुण, हृदय दणकट असलेल्या रुग्णात तोवर किडनी एकसंध झालेली असते. वयस्कर किंवा हृदय कमजोर असलेल्यात नसते. त्यामुळे घड्याळावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्क्रीनवर किडनी बघा. कॉर्टेक्स आणि मेड्युला अजून वेगळे ओळखू येत असतील तर ही फेज किडनीसाठी पुरेशी नाही, हे रिपोर्ट लिहिण्याआधीच मान्य करा. रुग्ण टेबलवर असेपर्यंत तंत्रज्ञाने हे पाहिलं, तर फक्त किडनीच्या उंचीएवढी आणखी एक फेज १०० ते १२० सेकंदांना लगेच घेता येते. रुग्ण घरी गेल्यावर तोच प्रश्न सोडवायला पुन्हा कॉन्ट्रास्ट द्यावं लागतं.

किडनीचाच प्रश्न असेल तेव्हा असा क्रम ठेवा. आधी कॉन्ट्रास्टशिवाय किडनीपुरती फेज: यात खडे, कॅल्शियम, रक्तस्राव दिसतात, आणि गाठ उजळते की नाही हे मोजायला पायाभूत आकडा मिळतो. मग कॉन्ट्रास्ट, वजनाच्या दर किलोला साधारण १.५ एमएल, ३०० ते ३५० मिलिग्रॅम आयोडीन प्रति एमएल ताकदीचं, सेकंदाला ३ एमएल वेगाने, आणि त्यामागे ३० ते ४० एमएल सलाईन. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ९० एमएल. शिरा नाजूक असतील, जे केमो झालेल्यांत नेहमीचंच, तर वेग २ वर आणा. नेफ्रोग्राफिक फेजचं त्याने फारसं बिघडत नाही. त्यानंतर ९० ते १०० सेकंदांना डायफ्रामपासून जांघेपर्यंत मुख्य फेज. धमनीची फेज सरसकट घेऊ नका. किडनीच्या कॅन्सरशी खरोखर संभ्रम असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल तेव्हाच ती कामाची. उशिराची फेज, ५ ते १० मिनिटांनी, तेव्हाच घ्या जेव्हा किडनीच्या मध्यभागी गाठ आहे, मूत्रवाहिनी अडकलेली वाटते किंवा युरोथेलियल कॅन्सर (मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तराचा) वगळायचा आहे. पोटाच्या एका फेजला ढोबळमानाने ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग होतो. लिम्फोमाच्या रुग्णाचे पुढे अनेक स्कॅन होणार असतात, आणि त्यांतले बरेच जण तरुण असतात. फेज वाढवताना एवढं लक्षात असावं.

प्यायला साधं पाणी पुरतं. आतडं आणि नोड यांत गल्लत होत असेल तर पांढरं दिसणारं ओरल कॉन्ट्रास्ट उपयोगी पडतं, पण त्याने शेजारच्या किडनीवर पट्टे उमटू शकतात. सर्व फेजमध्ये श्वास सारखाच रोखायला सांगा. किडनी श्वासाबरोबर सेंटिमीटरभर सहज खालीवर होते, आणि मग दोन फेजमधली 'तीच जागा' ही तीच जागा राहत नाही. मशीनमध्ये इमेज १ मिलिमीटरच्या आसपास पातळ साठवा, वाचायला ३ मिलिमीटरच्या करा, आणि कोरोनल (समोरून पाहिल्यासारखे उभे काप) नेहमी काढा. किडनीचा वरचा आणि खालचा टोकाचा भाग आडव्या कापात नीट कळत नाही. कोरोनलमध्ये एका नजरेत कळतो. ड्युअल एनर्जी (दोन वेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरणारं) मशीन असेल तर साधी फेज वाचवता येते, आणि ५० केईव्ही (क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) च्या आसपासच्या इमेजवर कमी उजळणारी गाठ जास्त ठळक उठून दिसते.

बघायचं कसं

पोटाच्या नेहमीच्या विंडोवर, म्हणजे रुंदी ४०० आणि मध्य ४० एचयूवर (हाउन्सफील्ड युनिट, सीटीवरच्या घनतेचं माप), नेफ्रोग्राफिक फेजमधली किडनी जवळपास सगळी पांढरी दिसते. त्यात हलकीशी काळसर गाठ विरघळून जाते. मध्य १०० ते १२० वर न्या, रुंदी २०० च्या आसपास आणा. दहा सेकंदांचं काम आहे, आणि लहान गाठी सुटण्याचं एक मोठं कारण ते न करणं हे असतं.

मग मोजणी. साध्या फेजमध्ये निरोगी किडनी ३० ते ४० एचयू असते. लिम्फोमा तिच्याएवढाच किंवा किंचित जास्त घट्ट दिसतो, कारण पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. कॉन्ट्रास्टनंतर शेजारची किडनी दीडशेच्या पुढे जाते आणि गाठ बरीच मागे राहते. समजा गाठ ४० वरून ७५ वर गेली आणि शेजारची किडनी ३५ वरून १६५ वर. हे चित्र लिम्फोमाला साजेसं. वाढ १० एचयूच्या आत असेल तर ती गाठ उजळलीच नाही असं धरा, १० ते २० म्हणजे अनिश्चित, २० च्या वर म्हणजे उजळली. मोजायचं वर्तुळ गाठीच्या निदान अर्ध्या भागावर पसरवा, कडेपासून आत ठेवा, आणि दोन्ही फेजमध्ये एकाच जागी ठेवा. १ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीत या आकड्यांवर भिस्त ठेवू नका. आजूबाजूच्या उजळ किडनीमुळे साधी सिस्टसुद्धा (पाण्याने भरलेली पिशवी) १०-१५ एचयूने 'उजळल्यासारखी' दिसते.

दोन्ही किडन्यांची लांबी लिहा. प्रौढात ती साधारण ९ ते १२ सेंटिमीटर असते. आकार फुगलाय पण रूप तसंच आहे, ही बाब पुढे कळीची ठरते.

रोगाची रूपं

सर्वांत जास्त दिसणारं रूप म्हणजे अनेक गाठी. सुमारे निम्म्या ते ६० टक्के रुग्णांत हेच सापडतं. बहुधा दोन्ही बाजूंना, १ ते ४.५ सेंटिमीटरच्या, एकसंध, कमी उजळणाऱ्या. उपचारांआधी त्यांत कॅल्शियम किंवा मधोमध सडलेला भाग सहसा नसतो. आसपास मोठे नोड असतील तर निदान सोपं होतं. नसतील म्हणून लिम्फोमा नाही असं मात्र समजू नका. रक्तावाटे आलेला रोग नोडचा रस्ता धरत नाही.

पोटामागच्या गाठीतून थेट आत शिरणं हे दुसरं नेहमीचं रूप, पाव किंवा त्याहून थोड्या अधिक रुग्णांत. मोठी, एकसंध, लोण्यासारखी पसरणारी गाठ किडनीच्या मुखातून आत शिरते. ती महाधमनीला मणक्यापासून पुढे उचलते, किडनीच्या धमनी-शिरांना चहूकडून वेढते, तरी त्यांतलं रक्त वाहतंच राहतं. गाठीच्या आकाराच्या मानाने रक्तवाहिन्या दबत कशा नाहीत, असा प्रश्न पडला की लिम्फोमा मनात आणावा. मूत्रवाहिनी मात्र अडकू शकते. हायड्रोनेफ्रोसिस (लघवी तुंबून किडनी फुगणं) आहे का आणि किती, हे वेगळं लिहा, कारण केमोआधी स्टेंट (मूत्रवाहिनी मोकळी ठेवणारी नळी) टाकायचा का हे त्यावर ठरतं.

एकटी गाठ १० ते २५ टक्क्यांत दिसते आणि सर्वांत जास्त चुका हीच करवते. कमी उजळणारी, एकसंध, अस्पष्ट कडांची एकच गाठ पाहून आधी किडनीचा कॅन्सर आठवणं स्वाभाविक आहे, आणि तो असण्याची शक्यता खरोखरच जास्तही असते. म्हणून इथे सीटीवर शेवटचा शब्द उच्चारू नका. लिम्फोमा आधीपासून माहीत असेल किंवा एकट्या गाठीबरोबर प्लीहा वाढलेली, नोड मोठे असं काही असेल तर बायोप्सी सुचवा.

पसरट रूप सुमारे २० टक्क्यांत. यात गाठच नसते. दोन्ही किडन्या मोठ्या होतात, बाह्यरेषा तीच राहते, कॉर्टेक्स आणि मेड्युलामधला फरक पुसला जातो, उजळणं ठिपकेदार किंवा फिकट होतं, आणि मध्यातली चरबी हळूहळू भरून जाते. कधी कधी सीटीवर फक्त 'मोठ्या किडन्या' एवढंच दिसतं. बर्किटमध्ये आणि मुलांमध्ये हे रूप जास्त आढळतं. रुग्ण बहुधा चढत्या क्रिएटिनिनसह येतो, आणि त्याच क्रिएटिनिनमुळे कॉन्ट्रास्ट न देता स्कॅन झालेला असतो. साध्या सीटीवर १४ सेंटिमीटरच्या, गुळगुळीत, दोन्हीकडच्या सारख्या किडन्या आणि क्रिएटिनिन चढतंय, पण हायड्रोनेफ्रोसिस नाही: एवढ्यावर लिम्फोमा किंवा ल्युकेमियाचा उल्लेख झालाच पाहिजे. बर्किटच्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. हा रिपोर्ट दुसऱ्या दिवसावर टाकू नका, फोन करा.

किडनीभोवतीचं रूप १० टक्क्यांहून कमी लोकांत दिसतं, पण एकदा पाहिलं की ओळखायला सोपं. एकसंध ऊतीची साल किडनीला वेढते आणि आतली किडनी न दबता, चांगलं काम करत बसलेली असते. सौम्य प्रकारात फक्त जाड झालेलं फॅशिया (किडनीभोवतीचा पडदा) किंवा चरबीतल्या चपट्या गुठळ्या दिसतात. शेवटचं रूप किडनीच्या मध्यातल्या चरबीतलं: वाहिन्यांना वेढणारी गाठ, त्या मानाने हायड्रोनेफ्रोसिस अगदी थोडं. प्रत्यारोपित किडनीत मुखापाशी अशी गाठ दिसली तर प्रत्यारोपणानंतरचा लिम्फोप्रोलिफरेटिव्ह (लसीका पेशी बेसुमार वाढण्याचा) आजार यादीत सर्वांत वर ठेवा आणि ईबीव्हीची (एपस्टाइन-बार विषाणूची) तपासणी सुचवा.

ज्यांच्याशी गल्लत होते

साध्या क्लिअर सेल कॅन्सरशी (किडनीच्या कॅन्सरचा सर्वांत नेहमीचा प्रकार) सहसा गोंधळ होत नाही. तो चेंडूसारखा वाढतो, किडनीची बाह्यरेषा फुगवतो, रक्ताने भरलेला असतो, मध्ये सडतो आणि शिरेत शिरतो. लिम्फोमा घेवड्याच्या दाण्यासारखा किडनीचा मूळ आकार धरून आत झिरपतो. किडनीच्या शिरेत गुठळी दिसली तर लिम्फोमा जवळजवळ विसरा. तो शिरेत शिरल्याच्या नोंदी आहेत, पण अपवाद म्हणूनच. खरी अडचण पॅपिलरी कॅन्सर (किडनीच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार) करतो. तोही कमी उजळतो, एकसंध असतो, आणि दोन्हीकडे अनेक गाठी करू शकतो. त्याच्या कडा बहुधा रेखीव असतात आणि नोड नसतात. तरी हा फरक सीटीवर दरवेळी जमेल असं म्हणता येणार नाही.

पायलोनेफ्रायटिस (किडनीचा जंतुसंसर्ग) पाचरीच्या आकाराचा, पट्टेदार असतो आणि ताप व लघवीची तपासणी उत्तर देऊन जाते. शंका असेल तर अँटिबायोटिकनंतर काही आठवड्यांनी स्कॅन पुन्हा करा. मात्र मधल्या काळात स्टेरॉइड दिलं गेलं असेल तर आकसलेली गाठ जंतुसंसर्ग होता म्हणून आकसली, असा निष्कर्ष काढता येत नाही. इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) अजिबात उजळत नाही आणि त्याच्या बाहेरच्या कडेला कॉर्टेक्सची पातळ उजळ किनार राहते. दुसऱ्या कॅन्सरच्या मेटास्टॅसिस (किडनीत पसरून आलेल्या गाठी) हुबेहूब अशाच दिसू शकतात; फुफ्फुस, स्तन किंवा मेलानोमाचा इतिहास हाच तिथे फरक.

आयजीजी४ आजारात (आयजीजी४ या अँटिबॉडीशी जोडलेला सुजेचा आजार) दोन्ही किडन्यांच्या बाहेरच्या भागात कमी उजळणारे, पाचरीसारखे किंवा गोल पट्टे दिसतात. स्वादुपिंड फुगीर आहे का बघा, रक्तातला आयजीजी४ मागवा. किडनीभोवतीची साल पाहून अर्डहाइम-चेस्टर (एक दुर्मिळ पेशीविकार) आजार आठवावा: दोन्हीकडे केसाळ दिसणारी किनार, महाधमनीभोवती आवरण, आणि गुडघ्याजवळच्या लांब हाडांत दाट झालेला भाग. तेवढ्यासाठी पायांचा साधा एक्स-रे पुरतो. पोटामागच्या फायब्रोसिसमध्ये (व्रणासारखी ऊती साठण्यात) महाधमनी सहसा मणक्याला चिकटूनच राहते, पुढे उचलली जात नाही, आणि मूत्रवाहिन्या मध्याकडे ओढल्या जातात. किडनीभोवतीचं रक्त साध्या फेजमध्ये ५० ते ७० एचयू असतं आणि कॉन्ट्रास्टने हलत नाही. म्हणजे इथे पुन्हा साधी फेजच उपयोगी ठरते. ती नसेल तर साल उजळली की आधीपासूनच घट्ट होती, हे सांगता येत नाही.

युरोथेलियल कॅन्सरही किडनीच्या आत झिरपतो आणि आकार राखतो. पण त्याचा उगम पेल्व्हिसमधून (किडनीतल्या लघवी गोळा होणाऱ्या जागेतून) असतो, तिथे कॉन्ट्रास्टच्या भरावात रिकामी जागा दिसते, कॅलिक्स (पेल्व्हिसच्या फांद्या) फुगतात, लघवीत रक्त असतं. उशिराच्या फेजचा खरा उपयोग इथे.

सीटीने उत्तर मिळत नसेल आणि कॉन्ट्रास्ट देता येत नसेल तर एमआरआय. लिम्फोमाच्या दाट पेशींमुळे डिफ्युजन इमेजवर (ऊतीतल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या) तो लख्ख उजळतो आणि एडीसी (त्या हालचालीचा आकडा) बराच खाली जातो, अगदी गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट) न देतासुद्धा. पेट-सीटी संपूर्ण शरीराच्या स्टेजिंगसाठी नेहमीचीच, पण एफडीजी (पेटसाठी दिलेली किरणोत्सर्गी साखर) लघवीवाटेच बाहेर पडतं. त्यामुळे पेल्व्हिसची चमक लहान गाठ झाकून टाकते. भरपूर पाणी आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) दिल्याने फरक पडतो. तरीही पेटच्या साध्या सीटीवर किडनी 'नॉर्मल' लिहिताना कॉन्ट्रास्ट सीटी हाताशी असली तर ती उघडून बघाच.

बायोप्सी

निदान आधीच दुसऱ्या जागेवरून झालं असेल आणि किडनीचं चित्र साजेसं असेल तर किडनीत सुई घालायची गरज नसते. निदान झालेलं नसेल तर आधी काखेतला, मानेतला किंवा जांघेतला सहज हाती लागणारा नोड शोधा. तो किडनीपेक्षा सुरक्षित आणि बहुधा नमुनाही चांगला. किडनी हीच एकमेव जागा असेल, किंवा किडनीतली गाठ बाकीच्या रोगापेक्षा वेगळी वागतेय असं वाटत असेल, तेव्हा मात्र तिथूनच घ्या.

प्लेटलेट ५०,००० च्या वर आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.५ च्या आत असावा. रक्तदाब आटोक्यात नसेल तर थांबा. किडनीतून रक्त वाहण्याचं ते एक मोठं कारण. १७ गेजची बाहेरची सुई एकदाच गाठीच्या कडेपर्यंत नेऊन त्यातून १८ गेजच्या बायोप्सी गनने तीन-चार तुकडे घ्या, दरवेळी कोन थोडा बदलून. किडनीच्या मुखापासून दूर राहा. किडनीभोवती साल असेल तर तुकडे तिथूनच मिळतात, किडनीला हातही लावावा लागत नाही.

इथे सर्वांत वाया जाणारी गोष्ट म्हणजे सगळे तुकडे सवयीने फॉर्मलिनमध्ये टाकणं. फ्लो सायटोमेट्रीला (पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या चाचणीला) जिवंत पेशी लागतात. एक-दोन तुकडे सलाईनमध्ये किंवा प्रयोगशाळेने दिलेल्या आरपीएमआय माध्यमात (पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रवात) वेगळे पाठवा, आणि ते त्याच दिवशी पोचतील अशी वेळ निवडा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी केलेली बायोप्सी याच कारणाने फुकट जाते. नुसत्या एफएनएसीवर (बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीवर) भागवू नका. लिम्फोमा आहे एवढं त्यातून कळेल, पण प्रकार ठरवायला ऊतीची रचना लागते. स्टेरॉइड सुरू व्हायचं असेल आणि रुग्णाची प्रकृती परवानगी देत असेल तर आधी तुकडा, मग गोळी.

रिपोर्टमध्ये काय हवं

लिम्फोमाची स्टेज आणि उपचारांचा प्रतिसाद ठरवणारे २०१४ चे लुगानो निकष धरून लिहा. नोडची लांब बाजू १.५ सेंटिमीटरच्या वर असेल तर तो मोजण्याजोगा. किडनीसारख्या नोडबाहेरच्या जागेतली गाठ १ सेंटिमीटरच्या वर. मोजताना दोन काटकोनी मापं द्या, सर्वांत लांब आणि तिच्याशी काटकोनातली सर्वांत लांब, कारण प्रतिसाद त्यांच्या गुणाकारावर ठरतो. शरीरभरातून जास्तीत जास्त सहा लक्ष्य गाठी निवडायच्या. किडनीत दहा गाठी असल्या तरी त्यांतल्या एक-दोन पुरेत, बाकीचा रोग दुसऱ्या जागांमधून दाखवा. पसरट रूपात मोजायला गाठ नसते. तिथे दोन्ही किडन्यांची लांबी द्या आणि रोग आहे असं शब्दांत नोंदवा.

प्लीहा १३ सेंटिमीटरच्या वर आहे का, हे लिहा. अॅड्रिनलवर एक स्वतंत्र ओळ असू द्या, ते ठीक असले तरी. मेंदूत आजार उलटण्याची जोखीम मोजणाऱ्या सीएनएस-आयपीआय या मोजपट्टीत सहा घटक आहेत: वय ६० च्या वर, वाढलेलं एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम), खालावलेली शारीरिक स्थिती, तिसरी-चौथी स्टेज, नोडबाहेरच्या एकाहून अधिक जागा, आणि किडनी किंवा अॅड्रिनलमधला रोग. चार किंवा अधिक घटक म्हणजे जोखीम जास्त. सहापैकी दोन-तीन घटक सरळ सीटीच्या रिपोर्टमधून उचलले जातात. तिथे 'किडनी: लक्षणीय काही नाही' असं घाईने लिहिलेलं असेल तर हिशेबच चुकतो. उलट, खात्री नसताना 'लिम्फोमाग्रस्त' लिहिणंही तितकंच महाग पडतं. 'फेज अपुरी, दोन्ही किडन्यांत संशयास्पद भाग, नेफ्रोग्राफिक फेज घ्यावी' हे वाक्य दोन्ही चुकांपेक्षा बरं.

उपचारांनंतर

पुढचे स्कॅन त्याच फेजमध्ये, त्याच सेकंदांना घ्या. पहिला स्कॅन १०० सेकंदांचा आणि दुसरा ६५ चा असेल तर मेड्युलातल्या गाठी 'नाहीशा झालेल्या' दिसतात. असा खोटा प्रतिसाद वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा लिहिला जातो.

सीटीवर निवडलेल्या सगळ्या लक्ष्य गाठींच्या गुणाकारांची बेरीज निम्म्याने किंवा अधिक घटली तर अंशतः प्रतिसाद. पूर्ण प्रतिसादासाठी नोड १.५ सेंटिमीटर किंवा कमी हवेत आणि नोडबाहेरचा रोग दिसता कामा नये. एखाद्या गाठीचा गुणाकार तिच्या आतापर्यंतच्या सर्वांत लहान मापापासून ५० टक्के किंवा जास्त वाढला, आणि एका बाजूत २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत किमान ०.५ व त्याहून मोठ्या गाठीत किमान १ सेंटिमीटरची वाढ असेल, तर रोग वाढतोय असं धरा.

बऱ्या झालेल्या किडनीत गाठीच्या जागी खाच, पातळ झालेला कॉर्टेक्स किंवा व्रणाचा पट्टा राहतो. तो रोग नव्हे. पसरट रूपात फुगलेल्या किडन्या आकसून पूर्ववत होतात, कधी मूळ आकारापेक्षा लहानही. म्हणून लांबी दरवेळी लिहा.

सगळ्या गाठी विरल्या आणि एकच जशीच्या तशी राहिली, तर औषध अपुरं पडलं असं लगेच मानू नका. लिम्फोमाच्या रुग्णात किडनीचा कॅन्सर सोबतीने असू शकतो. जुन्या स्कॅनवर जाऊन ती गाठ पहिल्यापासून बाकीच्यांपेक्षा वेगळी उजळत होती का, तिच्या कडा रेखीव होत्या का, हे तपासा, आणि बायोप्सी त्याच गाठीतून सुचवा.